आधी मनगट, मग उडी

प्रिय ताई,

आमची लाडू ११ महिन्यांची लॅब्रॅडॉर, वजन २८ किलो. मुलगा यंदा आठवीत गेला. सुट्टी लागल्यापासून दोघं रोज दुपारी चार-साडेचारला कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर फ्रिस्बी खेळतात. तो उंच फेकतो, ती हवेत उडी मारून झेलते, बघणारे टाळ्या वाजवतात. गेल्या रविवारी ती हवेतच वळली आणि पाठीवर आपटली. केकाटली. दोन दिवस मागचा उजवा पाय उचलून चालत होती, आता ठीक वाटते. शिवाय फ्रिस्बी तोंडात आली की परत देत नाही, घेऊन पळत सुटते. परवा ओढाओढीत मुलाच्या बोटाला दात लागला, थोडं रक्त आलं. ह्यांचं म्हणणं, तो खेळच बंद करा. मुलगा म्हणतो, लॅब्रॅडॉर उड्या मारायलाच असतात. मी मधल्या मध्ये अडकले आहे. काय करू?

– लाडूची आई, नाशिक

*

लाडूच्या आई,

आधी बोट. कुत्र्याचा दात लागून रक्त आलं की जखम लगेच साबण लावून वाहत्या नळाखाली चांगली १५ मिनिटं धुवायची असते. परवा ते झालं असेल-नसेल, आज मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लाडूच्या लशींचं कार्ड सोबत न्या. घरचीच कुत्री, खेळताना लागलं, हे सगळं सांगा आणि रेबीजचं नि धनुर्वाताचं काय ते त्यांना ठरवू द्या. ‘आपलीच तर आहे’ म्हणून घरात हळद दाबून बसू नका.

आता पाय. ‘दोन दिवस लंगडली, आता ठीक वाटते’ ह्या वाक्यावर माझा विश्वास नाही, कारण ते मी स्वतः बोललेली आहे.

माझा बाळ्या गावठी होता. लालसर, काटक, फासळ्या मोजून घ्याव्यात असा. त्याच्या उडीचा मला कोण अभिमान! एका संध्याकाळी मैदानावर पोरं जमली म्हणून मी चकती जरा जास्तच वर मारली. समोरून वारा होता. चकती वर गेली, वाऱ्यावर थबकली, आणि बाळ्या तिच्या बरोब्बर खाली जाऊन खांबासारखा सरळ वर उडाला. झेलली. उतरला तो मागच्या एकाच पायावर, अंग अजून वळलेलं. हूं की चूं केलं नाही. चार दिवस लंगडला, मग बरा दिसला, मी पुन्हा खेळायला नेला. तीन आठवड्यांनी त्याचा पाय टेकेना. डॉक्टरांनी त्याला कुशीवर निजवलं, एका हाताने मांडीचं हाड धरलं, दुसऱ्या हाताने नडगी, आणि नडगी हलकेच पुढे ढकलली. टेबलाचा ड्रॉवर उघडावा तशी ती सरकली. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. हात धुता धुता त्यांनी विचारलं, “चकती कोण फेकत होतं?”

म्हटलं, मी.

“मग शिकवणी तुम्हाला लावायला हवी, त्याला नाही.”

ऑपरेशन, मग तीन महिने पट्ट्याने बांधून फक्त गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, जिना बंद, सोफा बंद. तो खर्च आणि त्याचे ते डोळे, दोन्ही मी अजून विसरलेली नाही. तेव्हा ह्या आठवड्यात लाडूला पशुवैद्यांना दाखवा. मागचे दोन्ही गुडघे, दोन्ही खुबे आणि पाठ हाताने तपासायला सांगा. एक्स-रे लागेल की नाही ते तेच सांगतील. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा आणि पुढच्या पायाच्या कोपराचा सांधा आनुवंशिकतेमुळे वाढीच्या वयात सैल किंवा बेढब होण्याचं प्रमाण बरंच आहे, त्यामुळे तपासणी वाया जात नाही. आणि दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन ही औषधं कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात. डॉक्टर हिरवा कंदील दाखवीपर्यंत खेळ बंद. तिथवर तुमच्या ह्यांचं बरोबर.

त्यापुढे मात्र मी त्यांच्या बाजूची नाही. ११ महिन्यांची, २८ किलोची, दिवसभर फ्लॅटमध्ये असलेली लॅब्रॅडॉर; तिच्याकडून खेळ काढून घेतलात तर ती सोफ्याचा फोम काढील. खेळ ठेवायचा, फेकणं बदलायचं.

आणि चिरंजीवांना सांगा, लॅब्रॅडॉर उड्या मारायला नसतात. ही जात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून आली. पाण्यात उतरायचं, जाळ्यातून निसटलेला मासा किंवा दोराचं टोक तोंडात धरून आणायचं, हे त्यांचं काम. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडात शिकारीचे पक्षी उचलून आणायला त्यांना वाढवलं. म्हणजे आणून देणं रक्तात आहे, उडणं नाही. त्याने मोबाइलवर पाहिलेली ती हवेत गिरक्या घेणारी कुत्री बहुतेक हलक्या अंगाची असतात, बॉर्डर कॉली नाहीतर व्हिपेट. ह्या वेडाला तोंड फोडलं तेही एका व्हिपेटनेच. ५ ऑगस्ट १९७४ ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना चालू असताना अ‍ॅलेक्स स्टाइन नावाचा तरुण आपला अ‍ॅशली व्हिपेट घेऊन कुंपण ओलांडून थेट मैदानात घुसला. सामना टीव्हीवर देशभर दिसत होता. खेळ थांबला, लोक बघत राहिले, आणि स्टाइनला पोलीस घेऊन गेले. पुढे अ‍ॅशलीने स्पर्धा जिंकल्या, त्याच्या नावाच्या स्पर्धा निघाल्या. पण अ‍ॅशली होता हरणासारखा सडपातळ आणि पूर्ण वाढ झालेला. आपली लाडू नावाप्रमाणेच आहे, आणि तिची हाडं अजून कच्ची आहेत.

कच्ची म्हणजे खरंच कच्ची. वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कुर्चेच्या मऊ पट्ट्या असतात, हाड तिथून वाढतं. मोठ्या जातींत ह्या पट्ट्या भरून पक्क्या व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. त्याआधी तिथे मार बसला तर हाड वाकडं वाढू शकतं. म्हणून दीड वर्षाची होईपर्यंत लाडूचे चारही पाय जमिनीवर. पुढेही, माझं ऐकाल तर, तिच्या खांद्यापेक्षा वर झेल नको. जमिनीवर धावत झेललेली चकती तिला तेवढाच आनंद देते. हवेतली उडी टाळ्यांसाठी असते, आणि टाळ्या ऐकू येतात आपल्याला.

आता मुलाची शिकवणी. पहिला आठवडा लाडू घरी, तो एकटा मैदानावर. हे तो ऐकणार नाही, तरी पाठवा. एका खांबावर त्याच्या कमरेच्या उंचीला चुन्याने किंवा खडूने रेघ मारायची, दहा पावलांवर उभं राहायचं आणि त्या रेघेच्या खाली चकती लागली पाहिजे. चकती आडवी, तळहाताशी समांतर. अंगठा वर, बाकीची बोटं खालच्या कडेला. खांदा नाही फिरवायचा, झटका मनगटाचा. पंखा फिरतो तशी ती स्वतःभोवती जितकी जोरात फिरेल तितकी सरळ जाते; हात जोरात हाणला आणि मनगट ढिलं राहिलं की डगमगते आणि भलतीकडे वळते. ती भलतीकडे वळली की कुत्रं हवेत वळतं. रविवारी लाडूचं नेमकं हेच झालं असणार. दहापैकी आठ चकत्या रेघेखाली लागल्या की लाडूला बोलवायचं, त्याआधी नाही.

वाऱ्याचं गणित त्याला मुद्दाम समजावून सांगा, आठवीतल्या मुलाला आवडेल. समोरून वारा असला की चकतीच्या पंखाखाली हवा भरते, ती वर चढते आणि तरंगत थांबते. कुत्रं तिच्या खाली पोचतं, आणि पुढे धावायला जागा नसल्यामुळे सरळ वर उडतं. उतरताना सगळं वजन मागच्या दोन पायांवर आणि कमरेवर. माझ्या बाळ्याचा गुडघा ह्याच वाऱ्याने घेतला. पाठीमागून वारा असला तर चकती पटकन खाली बसते. ती त्यातल्या त्यात बरी. चिमूटभर माती हातातून सोडून बघायची, क्रिकेटमध्ये बघतात तशी. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी फेकायची नाही.

मग लाडू येईल तेव्हाही लगेच हवेत नाही. चकती चाकासारखी उभी धरायची आणि जमिनीवरून घरंगळत सोडायची. ती पळेल, नाक खाली ठेवून उचलेल. जत्रेत पोरं गाडा पळवतात तसला हा खेळ, दिसायला बावळट, पण पिल्लासाठी ह्याच्यासारखा दुसरा नाही. दोन-तीन आठवडे एवढंच. बाकी चकतीत बिस्किटं ठेवून गोडी लावायची वगैरे युक्त्या लॅब्रॅडॉरला लागत नाहीत, तिला आधीच सगळ्याची गोडी असते. बाळ्याला मात्र दोन महिने लागले होते. गावठी कुत्र्याचा पहिला प्रश्न असतो, तुम्हाला हवीच होती तर फेकली कशाला?

त्यानंतरची पायरी म्हणजे प्रदक्षिणा. आमच्या घरात हाच शब्द होता. लाडूला समोर उभं करून तिच्या डोक्यावरून फेकलं की ती मान वर करून उलटी, मागे-मागे जाते आणि तिथेच तोल जातो. त्याऐवजी खाऊ हातात धरून तिला मुलाच्या पायांभोवती वळसा घ्यायला शिकवा. डावीकडून मागे, मागून उजवीकडे, आणि पुढे सुटली की तिच्याच दिशेने, तिच्या नाकाच्या पुढे, गुडघ्याएवढ्या उंचीवरून चकती गेली पाहिजे. ती पाठलाग करते, चकती हळूहळू खाली येते, धावता धावता ती तोंडात घेते. पहिल्यांदा पाच पावलं. मग दहा. महिनाभर दहाच.

हे बरोबर होतंय की नाही ते डोळ्यांना कळत नाही, इतकं पटकन होतं. तेव्हा चिरंजीवांच्या हातात जो मोबाइल असतोच, त्याला कामाला लावा. कुणीतरी गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून बाजूने स्लो मोशनमध्ये दहा झेल टिपायचे. घरी येऊन एकच गोष्ट मोजायची: ती जमिनीला टेकली कशी? पुढचे पाय आधी आणि अंग आडवं असेल तर छान. मागचे दोनच पाय आधी टेकले, शेपटी खाली आणि पाठीची कमान झाली, असं दहात दोनदाही दिसलं, तर उद्या अजून खालून फेकायचं.

परत न देण्याचं म्हणाल, तर त्यात तिची चूक नाही. तुम्ही तिच्या मागे धावता, म्हणजे तिच्या दृष्टीने पकडापकडी सुरू झाली, आणि ती तुमच्यापेक्षा चांगली खेळते. ओढलंत तर रस्सीखेच सुरू झाली, त्यातही तीच चांगली. एकसारख्या दोन चकत्या घ्या. एक तिच्या तोंडात असताना मुलाने पाठ फिरवून उलट दिशेला चालायचं आणि दुसऱ्या चकतीशी असं खेळायचं, की जगात ह्याहून भारी काही नाही. ती येईल. आली की हातातली दाखवायची. तोंडातली पडते त्या क्षणाला ‘सोड’ म्हणायचं, आणि लगेच दुसरी घरंगळत सोडायची. आधी ‘सोड, सोड, सोड’ असं ओरडून उपयोग नाही. शब्दाला अर्थ चकती पडताना मिळतो. पडलेली उचलायची ती लाडू दुसरीमागे पळाल्यावर, तिच्या नाकाजवळ हात घालून नाही. बोटं तिथेच सापडतात. घरातल्या सगळ्यांनी ‘सोड’ हाच शब्द वापरा, आजीने ‘दे ग’ आणि बाबांनी ‘ड्रॉप’ म्हणू नये. सुरुवातीला दहा मीटरची सुती दोरी हार्नेसला बांधा, गळपट्ट्याला नको. आणि दोरी संपण्याआधी चकती थांबली पाहिजे, नाहीतर धावत्या कुत्र्याला हिसका बसतो. हाताला दोरी गुंडाळू नका.

सध्याची चकती कुठली आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण खेळण्यांच्या दुकानात मिळते ती टणक प्लास्टिकची असेल तर ती बाद करा. माणसं संघ करून चकतीचा अल्टिमेट नावाचा खेळ खेळतात, त्याची डिस्क १७५ ग्रॅमची आणि टणक असते, तीही कुत्र्यासाठी नाही. वेगात तोंडावर आदळली तर दाताचा टवका उडतो, आणि आपल्याला वाटतं, लागलं नसेल. कुत्र्यांसाठीची मऊ रबराची किंवा कापडी कडेची घ्या, हाताने दुमडली की दुमडणारी. रोज खेळण्याआधी कडेवरून बोट फिरवा. दातांनी उठलेले खरखरीत काटे हिरड्या आणि जीभ कापतात. थोडे असतील तर पॉलिश पेपरने घासून काढता येतात, तुकडा निघाला असेल तर चकती फेकून द्यायची. तो तुकडा पोटात गेला की आतडं अडतं, आणि मग पुन्हा ऑपरेशन टेबल. खेळ संपला की चकती कपाटावर. ती चघळायची वस्तू नाही.

वेळ बदला. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी साडेचार ही कुत्र्याला पळवायची वेळ नव्हे. पहाटे सहाला जा, मुलगा उठत नसेल तर तोही प्रश्न सुटेल. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही, तर तिच्या तळव्यांनाही ती ठेवता येत नाही. पाच-सहा वेळा फेकायचं, मग सावलीत बसून पाण्याचे दोन घोट, परत पाच-सहा. संपलं. लॅब्रॅडॉर स्वतःहून ‘पुरे’ म्हणत नाही, कोसळेपर्यंत पळते. जीभ टोकाशी पळीसारखी रुंद झाली, चकती अर्ध्या वाटेत टाकायला लागली, सावली शोधायला लागली, की समजायचं उशीरच झालाय. कुत्र्याचं अंग तसंही ३८-३९ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खात असेल तर तिथल्या तिथे नळाचं साधं पाणी सगळ्या अंगावर ओता, वारा घाला, आणि पाणी ओततच दवाखाना गाठा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता आतच राहते. जेवणानंतर दोन तास खेळ नाही; मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

प्लॉटवर आधी एक फेरी मारून या. रविवारी सकाळी बाटल्यांच्या काचा, वर्षभर सराटे. सराट्याचा काटा तळव्यात असतानाही कुत्रं चकतीमागे पळतं, लंगडतं घरी आल्यावर. पावसाळ्यात ओल्या गवतावर पाय सरकतो, तेव्हा नुसतं चालणं बरं, साचलेल्या डबक्यांपासून लांब. दिवाळीच्या सुमाराला वाळक्या गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात, रोज बघावी लागतात. आणि हो, ज्याचा संशय कुणी घेत नाही ती घरातली फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर चेंडूमागे पळणारी, वळताना मागचे पाय फाकणारी कुत्री मी मैदानावरच्यापेक्षा जास्त लंगडताना पाहिली आहेत. हॉलमध्ये फेकाफेकी बंद, नखं कापलेली, तळव्यांमधले केस कापलेले. फरशीवर नखांची टकटक ऐकू आली की नखं वाढलीत.

वजनाबद्दल डॉक्टरांना विचारा. ११ महिन्यांच्या मादीला २८ किलो वाईट नाही, पण हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत. आजीची तूप-पोळी कोण देतं ते तुम्हाला माहीत असेलच.

तुमच्या ह्यांना एक काम द्या: कॉलनीतल्या छोट्या पोरांना चकती फेकायला द्यायची नाही, कितीही हट्ट केला तरी. त्यांची चकती नेहमी आकाशात जाते.

– तुमची ताई

ता. क. ती जुनी टणक फ्रिस्बी कचऱ्यात टाकण्याऐवजी उलटी करून गच्चीत ठेवा, लाडूचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर. बोटभर पाणी मावतं. मे महिन्यात चिमण्यांना तेवढं पुरतं.